कपाटामागची ओल

आमचा बदलापूरचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा खरवईचे एक एजंट गिऱ्हाइकं घेऊन यायचे. हॉल, बाल्कनी सोडून ते आधी बाथरूममध्ये शिरायचे, नळ सोडायचे आणि बाहेर येऊन भिंतीला कान लावायचे. "दोन मिनटं, साहेब. गळतंय का ऐकतो." मला ते मुळीच आवडायचं नाही. बेडरूमच्या भिंतीला ओल होती आणि तिच्यापुढे मीच लोखंडी कपाट सरकवून ठेवलं होतं.

एका रविवारी अंबरनाथचं एक जोडपं घर बघायला आलं. त्यांच्यादेखत एजंट मला म्हणाले, "साहेब, कपाटाला जरा हात लावा."

माझे कान तापले. कपाट हललं, मागचे पोपडे दिसले. त्यांनी तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात भिंतीवर ठेवला. "बाथरूमच्या लाद्यांचे सांधे गेलेत. पांढरं सिमेंट भरलं की बंद. घाबरायचं काम नाय."

बाई नवऱ्याकडे बघून हसायलाच लागल्या. "अहो, आपलं कपाटपण असंच उभंय की! तेही घर विकायचंच आहे."

कितीतरी दिवसांनी मीही मोकळेपणानं हसलो.

एजंट मात्र हसले नाहीत. "मग उद्या तुमच्याकडे येतो," ते त्या बाईंना म्हणाले, "कपाट बाजूला सरकवून ठेवा."