साहेबांसाठी रदबदली

यॉ अडारक्वा साहेबांची गाडी मी सव्वीस वर्षं चालवली. आधी अक्रात, मग अदिस अबाबात, शेवटी जिनिव्हात. सरकारं आली नि गेली, दोनदा लष्कर आलं, साहेब मात्र टिकले. ज्याचं सरकार त्याची बाजू जगापुढे मांडायची, हे त्यांचं काम, आणि ते त्यांना झकास जमायचं. मला विचाराल तर जरा जास्तच.

एकदा परदेशी वार्ताहरांनी विचारलं, "बोआदू तुरुंगात आहेत म्हणे?" बोआदू साहेबांचे बालमित्र, माम्पोंगच्या शाळेत एका बाकावर बसलेले. साहेब हसून म्हणाले, "छे, घरी आहेत, मजेत आहेत." चौकशी तिथंच थांबली. पाच महिन्यांनी बोआदू तुरुंगातच वारले.

निवृत्त होऊन साहेब गावी आले ते थकूनच. जेवणावरची वासना उडाली, फुफूचा गोळा रश्श्यात तसाच पडून राही. "अमोआको, सर्वाबाईनं माफ केल्याशिवाय मला मरता यायचं नाही," एवढंच घोकत बसत. सर्वाबाई म्हणजे बोआदूंची बायको. मीही कंटाळलो होतो. एका सकाळी त्यांना तिच्या अंगणात सोडलं आणि गाडीतच बसून राहिलो.

साहेबांनी रीतीप्रमाणे दारूची बाटली पुढे ठेवली, तोंड उघडलं, तोच बाईंनी हात वर केला.

"एकटाच आलास?"

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीनं बोललो, सर्वा. आज माझं मीच बोलणार."

"वा रे वा! इतकी वर्षं बाहेर राहून हेच शिकलास? आपल्यात माफी कुणी स्वतः मागतं होय? तुझ्यासाठी शब्द टाकणारं एक माणूस नाही तुला?"

साहेबांनी वळून गाडीकडे पाहिलं. मला रागच आला, खरं सांगतो. ही नोकरी मला बोआदूंनीच लावून दिली होती. तरी उतरलो. टोपी काढली, चपला काढल्या, बाईंपुढे वाकलो.

"बाईसाहेब, साहेब खोटं बोलले. नोकरी जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही कारण नाही. तुमचं माणूस आत कुढत मेलं. आता हे म्हातारे झालेत, आतून पोखरलेत. यांच्यासाठी नको, माझ्या तोंडाकडे बघून सोडून द्या."

 बाई बोलल्या त्या माझ्याशीच.

"तू मध्ये पडलास, अमोआको, तुला रिकाम्या हातानं कशी पाठवू? सांग त्याला, माफ केलं. आणि सांग, पुन्हा या अंगणात पाय ठेवू नकोस."

साहेब हातभर अंतरावर होते, सगळं ऐकत होते. पण रीत ती रीत, मला वळून सांगावंच लागलं. पहिलं वाक्य सहज निघालं. दुसऱ्याला जीभ अडखळली. माझ्या जागी साहेब असते तर त्यांनी ते गोड करून सांगितलं असतं. मी जसंच्या तसं सांगितलं.

साहेबांनी मान डोलावली.

"तिला सांग," ते म्हणाले, "मेहेरबानी झाली."

मी पुन्हा बाईंकडे वळलो आणि तेही सांगितलं.