ताईची अर्धी कादंबरी
वाळत्या सुकटीचा वास आला की बेलापूरची आमची गॅलरी आठवते. नव्वदच्या दशकात दर एकतीस डिसेंबरला मी आणि ताई तिथे बसून वर्षभरात काय वाचलं ते एकमेकींना सांगायचो. लग्नानंतर ती पहिल्यांदा आली, तेव्हाही दिवाळे कोळीवाड्याकडून तो वास येत होता. "यंदा काय वाचलंस?" मी विचारलं. "वाण्याच्या पुड्यांचे कागद," ती हसली, "सासरी पुस्तक हातात घेतलं की टोमणे सुरू." मग हट्टाने म्हणाली, "पुढच्या वर्षी एक तरी कादंबरी पुरी करणार, बघच तू." मी तिला माझी आवडती कादंबरी दिली. होळीला तिने ती अर्धवट वाचूनच परत आणली. आता, इतक्या वर्षांनी, ताईला वेळच वेळ आहे. मी पुस्तकं नेते, ती मुखपृष्ठावरून हात फिरवते आणि म्हणते, "आता लक्षच लागत नाही गं."