लॅपटॉपचा कान

रोज सकाळी चहाच्या आधी वायरकाका लॅपटॉप उघडायचे, बाहेरचा माइक जोडायचे आणि लॅपटॉपच्या कडेला नखाने खाजवायचे, मांजराला खाजवावं तसं. पडद्यावरची, आवाज आला की नाचणारी हिरवी रेघ हलली नाही की विचारायचे, "बहिरा आहेस ना?"

"आहेच बहिरी, म्हणून तर टिकले," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

काका दिवसा वॉशिंग मशीन दुरुस्त करत आणि सुट्टीच्या दिवशी मेहुणीच्या बँडचे कार्यक्रम रेकॉर्ड करत. मेहुणी गायची. बाकीच्यांना वाद्यं कोणीतरी नुसती सांभाळायला दिली असावीत, असं काकांचं मत. कॉम्प्युटरवर त्यांचा त्याहूनही कमी विश्वास. कार्यक्रमाआधी ते त्याचं इंटरनेट तोडत, त्याला डुलकी लागू नये अशी तजवीज करत, चार्जर चिकटपट्टीने टेबलाला जखडून टाकत.

नखाची सवय मात्र एका फजितीनंतरची.

मेहुणीच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज कसा राहील, हे डॉक्टर सांगेनात. म्हणून त्याआधीचा शेवटचा कार्यक्रम धड रेकॉर्ड व्हायलाच हवा होता. काकांनी सगळं तपासून ठेवलं. ऐन वेळी ड्रमवाल्याच्या पायात अडकून लॅपटॉपला लावलेली माइकची वायर निघाली. काकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती परत खोचली. हिरवी रेघ नाचायला लागली, काका निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी सगळे काकांकडे ऐकायला जमले. बँड इतका लांब वाजत होता, की शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात बसवलाय असं वाटावं. आणि अगदी कानाशी, लख्ख, काकांचा आवाज: "पळतोस कुठे रे ड्रमवाल्या, गाडी सुटली का तुझी?" मग गोळी चघळल्याचा आवाज. मग, "गिटार वाजवतोय की भांडी घासतोय हा?"

वायर निघाली तेव्हा लॅपटॉपने स्टेजवरचे माइक सोडून गुपचूप स्वतःचा इवलासा माइक उघडला होता, आणि वायर परत खोचल्यावरही तोच चालू ठेवला होता. आणि त्याच्या शेजारी कार्यक्रमभर काका बसले होते, तोंडासकट.

गिटारवाला छत न्याहाळू लागला. काका बटणाकडे झेपावले, तर मेहुणीने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा भाऊजी. माझा नंबर येऊ दे."

शेवटचं गाणं लागलं. ते संपत आलं तेव्हा रेकॉर्डिंगमधले काका पुटपुटले, "असं कोणी गात नाही. पण हिला सांगायची सोय नाही. डोक्यावर बसेल."

"तिथेच बसलेय की, इतकी वर्षं," मेहुणी म्हणाली आणि तिने नाक पुसलं.

"सगळं वाया घालवलं मी. तुझा आवाज..."

"येतोय की ऐकू. तुमच्या मागे आहे, एवढंच. आणि हे पुसलंत तर बघा."

ऑपरेशननंतर आवाज राहिला, जरा जाडसर होऊन. पुढचे कार्यक्रमही काकांनीच रेकॉर्ड केले. दर वेळी ड्रमवाला स्वतः येऊन लॅपटॉप खाजवायचा. "बहिरा आहे हा, काका. द्या आता शिव्या."

काका गेले त्या सकाळीही लॅपटॉप उघडाच होता. चहा गाळू का, असं काकूंनी विचारलं.

"थांब गं," काका म्हणाले, "आधी याला विचारतो."