मधला डबा

“बुड्ढी को बिठाके रखो. पोट्टा आपीच आ जाता.”

हे माझ्याशी बोललेलं नव्हतं. आमचे सर्कल इन्स्पेक्टर ठाण्याच्या व्हरांड्यात हेड कॉन्स्टेबलला सांगत होते आणि मी आत बसून स्फोटाचा पंचनामा वाचत होते. पोट्टा म्हणजे संशयित मुलगा आणि बुड्ढी म्हणजे त्याची आई. तिला आणायला मलाच जावं लागणार, हे मला कळलं. ठाण्यात महिला सब-इन्स्पेक्टर मी एकटी होते, आणि त्यातून मराठी.

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या गल्लीतला, ते सांगता येत नाही. हे प्रकरण मात्र तसंच्या तसं वेगळं राहिलं आहे.

परदेशी कंपन्या तेव्हा नुकत्याच शहरात येऊ लागल्या होत्या. कुकटपल्लीच्या औद्योगिक भागात अशाच एका कंपनीचं गोदाम होतं. परदेशी भांडवल हाकला, अशी पत्रकं त्या भागात वाटली जात होती. आम्ही ती गोळा करून फायलीत लावत होतो. एका सकाळी गोदामाच्या फाटकाशी स्टीलच्या डब्यात ठेवलेला बॉम्ब फुटला आणि वॉचमन जागीच गेला. नोकरीला लागून त्याला फार दिवस झाले नव्हते. त्याच्या टोपीला अजून दुकानातल्या कापडाचा वास होता.

डब्याच्या झाकणाचा एक तुकडा नालीत सापडला. त्याच्या आतल्या बाजूला टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं होती, ‘मांकडून’ एवढीच. सर म्हणाले, “हिंदी है क्या?”

“मराठी आहे, सर. पूर्ण शब्द ‘मामांकडून’ असणार,” मी म्हणाले. “लग्नात मामाकडून मिळालेलं भांडं.”

आमच्याकडे डबा आणि झाकण यांची ताटातूट होऊ नये म्हणून दोन्हींवर नाव घालतात. डब्याच्या इतर तुकड्यांवर बाहेरचं नाव कानशीने घासून काढलेलं दिसत होतं. झाकणाच्या आत कुणी पाहिलं नव्हतं. बाजारातून नवा डबा घेतला तर दुकानदाराच्या लक्षात राहील, या भीतीने बॉम्ब ठेवणाऱ्याने घरातला उचलला असणार.

त्याच दिवशी खबऱ्याने सांगितलं की पत्रकं वाटणाऱ्यांत खासगी पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा एक तरुण आहे, घरी मराठी बोलतात, आणि स्फोटापासून तो कामावर आलेला नाही.

मी त्याच्या घरी गेले तेव्हा आई एकटीच होती. बीदरकडच्या शेतकरी घरातली विधवा, अंगाने बारीक, बोलायला मोकळी. स्वयंपाकघराच्या फळीवर डबे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले होते. मधल्या एकाची जागा रिकामी होती. शेजारचे डबे सरकवून ती भरलेली नव्हती.

“मधला डबा कुठाय, मावशी?”

“लेकानं नेला. चिवडा घालून दिला होता त्याच्या दोस्ताला.” हे सांगताना ती चुलीकडे बघत होती.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करायची, असा कायदा तेव्हाही होता. तिला घेऊन ठाण्यात आल्यावर मी हळू आवाजात सरांना त्याची आठवण करून दिली.

“पूछताछ कौन कर रहा, मॅडम?” ते म्हणाले. “बैठी है बस. चाय पिलाओ.”

ही आमची जुनी पद्धत होती. घरचं माणूस आणून बसवायचं. त्याला ओरडायचं नाही, हात लावायचा नाही, कागदावर काही लिहायचं नाही. फक्त जाऊ द्यायचं नाही. फरार झालेला माणूस दोन रात्री काढतो, तिसरी काढू शकत नाही.

ती माझ्या खोलीतल्या बाकावर बसली. मला फारसं बोलता येत नाही, हे तिच्या लवकर लक्षात आलं.

“इंग्रजी साळंतली दिसतीस.”

“हो. नारायणगुड्याची.”

“तरीच. तोंडात बटाटा धरून बोलल्यावानी मराठी बोलतीस. लगीन?”

“नाही झालं.”

“ह्या टोपीत कोण बघायला येणार, बाई.”

मला हसू आलं. तीही हसली. मग बराच वेळ बाहेर वायरलेसची खरखर चालू होती. काही विचारलं नाही की माणूस स्वतःहून बोलतो, हे मला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. माझा स्वभावच तो.

“मी बगितलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“नाव घासलेलं. माझ्या मामानं घातलेलं नाव. कानस तितंच पडली होती.” पदराने तिने बाकाची कड पुसली. “आपल्याच भांड्यावरचं नाव कुणी घासतं का? मला कळलं, हे बरं नाही. पण इच्यारलं तर लेकरू चिडतं. जेवत नाही मग. म्हणून नाही इच्यारलं.”

तपासाच्या दृष्टीने आम्हाला हवं ते मिळालं होतं. मी ते सरांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा फाटकातून चालत आत आला. सरांचा अंदाज बरोबर निघाला होता. त्याने सगळं कबूल केलं आणि त्याच्यावर हात उचलायची वेळ आली नाही. माझ्याशी तो इंग्रजीत बोलत होता, वर्गात शिकवतात तसा सावकाश. वॉचमनबद्दल मी विचारलं तेव्हा त्याचा आवाज बदलला नाही.

“फाटकावर बसला म्हणजे त्याने बाजू निवडली. जो कंपनीचं खातो तो कंपनीचा.”

“तो पगारासाठी बसला होता.”

“सगळे पगारासाठीच बसतात. तुम्हीसुद्धा.” मग प्रथमच तो चिडला. “माझ्या आईला का आणलं? तिचा काय संबंध?”



आरोपपत्र तयार करायच्या वेळी सरांनी आईचं नावही आरोपींत घ्यायला सांगितलं. दहशतवादाविरुद्धच्या त्या वेळच्या कायद्यात तिला जामीन मिळाला नसता. ठाण्यातल्या त्या रात्री ती किती खोकत होती ते पाहता, ती तुरुंगातून परत आली असती असं मला वाटत नव्हतं.

“उसको मालूम था,” सर म्हणाले. “घर उसीकी कमाई पे चलता. जिसका खाती, उसीकी है.”

“सर, वॉचमनबद्दल तो हेच म्हणतो.”

माझ्या तोंडून एवढं वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं नसावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तुम बात कम करते, मॅडम,” ते म्हणाले, “वोइच अच्छा है.” पण संध्याकाळी मसुदा टायपिंगला गेला तेव्हा तिचं नाव आरोपींतून निघून साक्षीदारांत गेलं होतं.

मी तिला वाचवलं, असं तेव्हा मला वाटलं. नामपल्लीच्या कोर्टात तिला साक्षीला उभं केलं, तेव्हा ते समाधान गेलं. सरकारी वकिलांनी झाकणाचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो उलटा करून पाहिला, बोटाने अक्षरं चाचपली आणि “माझाच हाय” म्हणाली. मुलगा पूर्ण वेळ भिंतीकडे बघत होता.

ज्याने बॉम्ब ठेवला त्याचा गुन्हा त्याचाच, यात मला कधी शंका वाटली नाही. पण त्याच्या मागे इतरांच्या लहानलहान गप्प बसण्याची एक रांग असते. तिला शिक्षा करता येत नाही आणि करूही नये. अख्ख्या घराला, अख्ख्या वस्तीला दोषी धरायचं ठरवलं की आपण बॉम्ब ठेवणाऱ्याचंच गणित मांडायला लागतो. पण शिक्षा होऊ शकत नाही म्हणून गुन्ह्यात वाटा नसतो, असंही नाही. वकील त्यावर बोलत नाहीत, निकालपत्रात तो येत नाही. ज्याचा त्याला माहीत असतो. पुढे नोकरीत मी अनेकांना ‘तुमचा काही दोष नाही’ असं सांगितलेलं ऐकलं. ते ऐकून कुणाला बरं वाटलेलं मी पाहिलं नाही.

साक्ष संपल्यावर ती कोर्टाच्या पायरीवर बसली. मी पाणी आणून दिलं. ती ते प्यायली नाही.

“येक इच्यारते, पोरी. खरं सांग. मी त्याला तवाच टोकलं असतं, तर तो माणूस वाचला असता का?”

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं असेल, असंही वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि सर दोन पायऱ्या वर उभे राहून ऐकत होते.

“वाचला असता, मावशी,” मी म्हणाले. “कंपनीने स्फोटाच्या आधीच आमच्याकडे फाटकावर शिपाई मागितला होता. आम्ही माणसं नाहीत म्हणून सांगितलं. आम्ही दिला असता, तरीही वाचला असता.”