सुप्रियाचं कोरियन गाणं

सिल्व्हर पार्कच्या बायांनो, या ग्रुपवर पापलेट ताजं हाय का ते दहादा विचारता. आज मी खालून एकदाच ओरडून विचारलं, "वर कोण गातंय?" तर खिडक्या लावून घेता?

सकाळी तुमच्या दारात मासळीची टोपली उतरवली आणि तिसऱ्या मजल्यावरून एका पोरीच्या आवाजात कोरियन गाणं आलं. माझी गेलेली पोर सुप्रिया कोळंबी सोलताना तेच गायची. ही वरची जिथं दम घेते, दम पण तिथंच घ्यायची.

गाणी ऐकूनच ती भाषा शिकलेली. "आये, अर्थ सांगू?" म्हणायची. "आधी कोळंबी सोल," मी म्हणायची.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला न्हाय. तिच्या सगळ्या इच्छा पुऱ्या करते म्हटलं, तिला गाण्याचा अर्थ सांगायचा होता, हीच तेवढी आठवली न्हाय.

रविवारी वर्षश्राद्ध हाय. वरच्या पोरी, शनिवारी मी येतेय. खाली ये आणि त्या गाण्याचा अर्थ सांग.