शॉर्ट

जठारपेठेतला आमचा वायरमन जेमतेम माझ्या खांद्याला लागतो. इंग्रजीतला एकच शब्द त्याला जन्मभर पुरेल. तार जळली की शॉर्ट, सामान कमी पडलं तरी शॉर्ट. घाई असली की, "भाऊ, टाइम शॉर्ट हाये." चिडक्या गिऱ्हाइकाचं तर डोकंच शॉर्ट. मात्र त्याच्या उंचीला कुणी तो शब्द लावला, की तो पिशवीत उगाच पकड शोधायचा.

मे महिन्यात, ऐन पुतणीच्या साखरपुड्याच्या दिवशी घरातले कूलर बंद पडले. पाहुणे मोर्शीहून निघालेले. आधी आलेल्या उंचपुऱ्या इलेक्ट्रिशियननं अरुंद माळ्यात कसंबसं डोकं घातलं आणि म्हणाला, "आत शिरताच येत नाही. सगळी वायरिंग बदला."

तो नव्या वायरिंगच्या खर्चाचा हिशेब मांडत बसला, तेवढ्यात मी ह्याला बोलावलं. मेन बंद करून तो अख्खाच्या अख्खा माळ्यात शिरला. वीस मिनिटांनी आतून आवाज आला, "करा चालू!" कूलर घरघरले. उंदरानं कुरतडलेली तार झेंड्यासारखी नाचवत तो धुळीनं माखलेला खाली उतरला आणि त्या उंच माणसाकडे मान वर करून, साऱ्या घराला ऐकू जाईल असा ओरडला,

"मी शॉर्ट हाओ म्हून शॉर्ट सापडला!"