टॅगवाली मादी

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसणारे एक मालवणचे काका मला नेहमी भेटत. मी माशांवर संशोधन करणाऱ्या गटात होते; पट्टेरी बास माशांना नंबराचा टॅग लावून आम्ही समुद्रात सोडायचो. पुन्हा सापडले की ते कुठे राहतात ते कळे. काका आधी माशांची खुशाली विचारायचे, मग माझी.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "अगं, तुझा टॅगवाला मासा लागलाय. नंबर लिही."

मी नंबर लिहून वहीत शोधला. गेल्या वर्षी मीच सोडलेली मादी.

"दमलीय गं. दोन्ही हातांनी धरून सोडतो," म्हणाले आणि फोन बंद.

संध्याकाळी काकूंच्या फोनवरून ते इतकंच म्हणाले, "छान पोहत गेली." हात मोकळे करायला स्वतःचा फोन त्यांनी लाटेत टाकला होता, हे काकूंनी सांगितलं.